मी विचारलेच नव्हते

(महिला मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात, सातपुड्यातील आदिवासी मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका भगिनींनी केलेले भाषण. मुलीची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. — संपादक)

ख्रिस्तात प्रिय भगिनींनो, आणि मागे खुर्च्या टाकून बसलेल्या बंधूंनो,



मला भाषणाची सवय नाही. मुलींना उठवणे, पाणी आले का पाहणे, धान्य निवडून घेणे आणि रात्री दाराला कडी लावणे, यात माझी वीस वर्षे गेली. वसतिगृहाचा अहवाल वाचून दाखवा असे मला सांगण्यात आले होते. तो छापलेला आहे, आपल्या हातात आहे. मुली किती, पास किती, खर्च किती, सगळे त्यात आहे. आज मी त्यात नसलेली एक गोष्ट सांगणार आहे. ती एका मुलीची आहे, पण तिच्यातली चूक माझी आहे, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

त्या मुलीचे नाव मी घेणार नाही. कायद्यानेही घेता येत नाही. आता ती सज्ञान आहे. तिला मी विचारले, "मेळाव्यात सांगू का?" ती म्हणाली, "सांग बाई, पण माझ्या गावाचं नाव नको." आमच्या भागात अहो-जाहो फारसे नसते. आईलाही तू, देवालाही तू आणि बाईंनाही तूच. सुरुवातीला मला ते खटकायचे. आता कोणी 'तुम्ही' म्हटले की वाटते, ही माझ्यावर रागावली की काय.

चार वर्षांपूर्वी ती आमच्याकडे दहावीत होती. धडगावच्या वरच्या अंगाच्या पाड्यावरची पावरा समाजाची मुलगी. गणितात हुशार, बोलायला कमी. तिची एक मैत्रीण होती, तीही दहावीतच. दोघींच्या पेट्या शेजारी शेजारी, ताटे शेजारी, आणि चटणीची बाटली एकच. एकीला ताप आला की दुसरीची भाकरी तशीच राहायची.

जानेवारीत पेट्यांची तपासणी केली, तेव्हा या मुलीच्या पेटीत कपड्यांखाली मोबाइल सापडला. आमचा नियम स्पष्ट होता: मोबाइल नाही. त्याच्या आदल्याच वर्षी दुसऱ्या एका वसतिगृहातली मुलगी कोणाबरोबर तरी निघून गेली होती, आणि त्याची चर्चा तालुकाभर झाली होती. मी घाबरले होते. आपल्या वसतिगृहाचे नाव खराब होईल, आईबाप मुली पाठवणार नाहीत, मदत करणारी मंडळी काय म्हणतील, एवढेच माझ्या डोक्यात. मी तिला उभे केले आणि बोलले. बरेच बोलले. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांना निरोप गेला आणि ती पेटीसकट घरी गेली. दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती.

भगिनींनो, त्या दिवशी मी तिला पुष्कळ काही सांगितले. विचारले मात्र काहीच नाही. मोबाइलवर तू कोणाशी बोलतेस, हा एक प्रश्न मी विचारला नाही. उत्तर मला ठाऊक आहे, असे मी धरून चालले होते.

नंतर कळले ते असे. मोबाइल तिच्या थोरल्या बहिणीने दिला होता. बहीण आणि मेहुणा मजुरीसाठी सुरतेकडे इमारतीच्या कामावर होते. बहिणीला पहिले बाळ होऊन गेले होते, आणि ती रविवारी रडत फोन करायची. ही तिला धीर द्यायची. त्या मोबाइलमध्ये दुसऱ्या कोणाचाही नंबर नव्हता.

मुलगी घरी गेली. शाळा सुटलेली मुलगी घरात बसली की पुढे काय होते, हे आपल्याला माहीत आहे. वडिलांनी लग्न ठरवले. आमच्याकडे हुंडा नाही, मुलाकडचे लोक मुलीच्या बापाला देज देतात. त्यातली थोडी रक्कम आली, आणि ती जुने देणे फेडण्यात गेलीसुद्धा. होळीनंतर लग्न. मुलीचे वय सोळा. अठराच्या आत मुलीचे लग्न करणे गुन्हा आहे हे पाड्यावर सगळ्यांना माहीत असते, पण कायदा डोंगर चढून येईपर्यंत मांडव उठलेला असतो.

होळीच्या आधी मजुरांची एक गाडी निघाली, तीत ती चढली आणि बहिणीकडे गेली. घरात फक्त आजीला सांगितले होते म्हणे. इकडे बापाच्या गळ्याला फास लागला. मुलाकडच्यांनी पंच बसवले. देज परत द्या आणि वर दंड भरा. त्याने बैल विकला. त्याचा राग किती असेल, तुम्हीच विचार करा. "ती दिसली तर तिचे पाय मोडीन," असे तो चारचौघांत बोलला, आणि ते तिच्या कानावर गेले.

आता तिकडचे ऐका. रेती वाहायची, विटा वाहायच्या, पत्र्याच्या खोलीत नऊ माणसे झोपायची. मजुरी मेहुण्याच्या हातात, आणि मेहुण्याने मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली. तरी बहीण होती तोवर बरे होते. जूनमध्ये पहिला पाऊस पडला आणि बहीण-मेहुणा पेरणीसाठी गावाकडे निघाले. हिने यायचे कसे? घरी बाप, पंच आणि तो नवरदेव. ती तिथेच राहिली.

त्याच टोळीत एक मुलगा होता, एकोणीस-वीस वर्षांचा, दुसऱ्या तालुक्यातला. बहीण होती तेव्हापासूनची ओळख. तो हिचा फोन चार्ज करून द्यायचा. हिला ताप आला तेव्हा त्याने गोळी आणून दिली. रविवारी वडापाव आणायचा आणि अर्धा हिला द्यायचा. तुम्ही हसाल, पण ती मला म्हणाली, "बाई, इतक्या महिन्यांत मला 'जेवलीस का' असं विचारणारा तोच होता." एकट्या पडलेल्या माणसाला जो पाणी विचारतो, तोच सोयरा वाटतो. ती त्याला मैत्री म्हणते, आजही म्हणते. तो वाईट होता असे ती म्हणत नाही. पण दिवस गेल्याचे कळले, तेव्हा तो दोन दिवस गप्प राहिला, तिसऱ्या दिवशी गावी जाऊन येतो म्हणाला, आणि आला नाही. फोन बंद.

आता दुसऱ्या मैत्रिणीकडे येऊ, जी आमच्या वसतिगृहातच होती.

ती दहावी पास होऊन अकरावीला गेली होती. मला वाटायचे, मोबाइलचा विषय संपला. पण आमच्या स्वयंपाकाच्या मावशींच्या फोनवर दर रविवारी दुपारी एक मिस्ड कॉल यायचा. मग भाजी निवडायच्या निमित्ताने ही मैत्रीण स्वयंपाकघरात जायची आणि मावशी दाराशी उभ्या राहायच्या. माझ्या नाकाखाली आठ महिने हे चालले होते. त्या वेळी कळले असते तर मी मावशींनाही काढून टाकले असते. आज मी देवाचे उपकार मानते की मला कळले नाही. माझा नियम मोडणाऱ्या या दोघींनीच तिच्यापर्यंतची वाट उघडी ठेवली होती.

डिसेंबरचा तिसरा आठवडा होता. मुली सुट्टीवर जाण्याआधी नाताळचा कार्यक्रम असतो. गव्हाणीचा देखावा चालला होता, गवत आणले होते, रंगीत कागद कापणे सुरू होते. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. रात्री नऊ वाजता ही मैत्रीण माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिने सगळे सांगितले. ती गरोदर आहे, सातवा महिना असावा, मुकादमाने खोली सोडायला सांगितली आहे, हातात दोनशे रुपये आहेत, आणि उद्या संध्याकाळच्या गाडीने ती नंदुरबारला उतरणार आहे. नंतर ती म्हणाली, "बाई, तू तिला परत घालवणार असशील तर आत्ताच सांग. मग माझी पेटी पण बाहेर काढते."

अकरावीतली मुलगी. तिच्या घरात शिकलेली ती पहिली. ती सगळे पणाला लावून माझ्यासमोर उभी होती. मी मात्र मनात काय म्हटले? खोटे सांगणार नाही. मी म्हटले, उद्या पाहुणे आहेत. बाहेर गव्हाणी, आणि आत माझा हा विचार.

दुसऱ्या दिवशी कार्यक्रम इतरांवर सोपवून मी मैत्रिणीला घेऊन नंदुरबार स्टेशनवर गेले. सुरत-भुसावळ मार्गावरची ती पॅसेंजर उशिरा आली. गर्दी उतरली, मजूर उतरले, पिंपे, गोधड्या, कोंबड्या. सगळ्यात शेवटी ती. अंगात पुरुषाचा फुल शर्ट, हातात प्लास्टिकची पिशवी, चेहरा उतरलेला, डोळे पांढरे फटक. मी पुढे झाले, आणि माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले, "हे कोणाचं?"

मैत्रिणीने माझा हात धरला. म्हणाली, "बाई, आधी जेवली का ते विचार."

भगिनींनो, मी बायबल शिकवते. दर बुधवारी मुलींना गोष्टी सांगते. त्या दिवशी मला एका मुलीने प्लॅटफॉर्मवर शिकवले.

उत्पत्तीच्या सोळाव्या अध्यायातली हागार तुम्हाला आठवते. मिसर देशची दासी. तिला दिवस गेले, घरात छळ झाला, ती पळाली, आणि रानातल्या एका झऱ्याजवळ बसली. त्या अध्यायात साराय आणि अब्राम तिच्याविषयी बोलतात, पण तिचे नाव घेत नाहीत, दासी म्हणतात. तिला नावाने हाक मारतो तो देवदूत. आणि तो आल्याबरोबर तिला दोष देत नाही. आधी प्रश्न विचारतो: ती आली कुठून, आणि निघाली आहे कुठे. हागार पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते, मी मालकिणीपासून पळत आहे. दुसऱ्या प्रश्नाला तिच्याकडे उत्तर नाही. पळणाऱ्या मुलीला आपण कशापासून पळतो आहोत हे ठाऊक असते, कुठे जायचे ते नसते. पुढे देवदूत तिला परत जायला सांगतो. तो भाग मला अजूनही जड जातो. पण ती परत गेली ती देवाने आपल्याला पाहिले आहे हे जाणून गेली, आणि देवाला तिने तसेच नाव दिले.

आपण हा अध्याय वाचतो तेव्हा स्वतःला हागारच्या जागी ठेवून रडतो. मला आता वाटते, आपण बहुतेकजणी सारायच्या तंबूतल्या आहोत. दार आपल्या हातात असते.

त्या रात्री ती जेवली आणि माझ्या खोलीत झोपली. मैत्रीण तिच्या उशाशी. त्याच रात्री मला एका हितचिंतकाचा सल्ला आला, की हे गुपचूप करा, लांब एखाद्या ओळखीच्या घरी ठेवा, बाळंतपण होऊन जाऊ द्या, बाळाचे पुढे बघता येईल. सल्ला प्रेमाने दिलेला होता. पण तो चुकीचा होता, आणि तो का चुकीचा हे आपल्या प्रत्येक मंडळीत माहीत असायला हवे.

मुलगी अठरा वर्षांच्या आतली असेल, तर तिची संमती होती की नव्हती हे कायदा विचारात घेत नाही. 2012 च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ज्याला हे कळले त्याने ते पोलिसांना कळवलेच पाहिजे. अधीक्षिका असो, डॉक्टर असो की पाळक, न कळवणे हाच गुन्हा. तसेच संरक्षणाची गरज असलेल्या मुलाला 24 तासांच्या आत बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. आणि बाळ परस्पर कोणाला देऊन टाकणे, मग ते कितीही भल्या घरात का असेना, बेकायदा आहे. सकाळी मी 1098 ला फोन केला. हा मुलांसाठीचा नंबर आहे, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो. लिहून घ्या.

पोलीस ठाण्यात आम्ही सहा तास बसलो. तिने रडत विचारले, "त्याला पकडतील का?" मी खोटे बोलले नाही. हो म्हटले. ते प्रकरण न्यायालयात आहे, त्यावर मी बोलणार नाही. एवढेच सांगते, की तिच्या मनात त्याच्याबद्दल राग आहे आणि दयाही आहे, आणि दोन्ही मी पाहिले आहेत.

सरकारी रुग्णालयात तपासणी झाली. तीस आठवडे. गर्भपाताची कायद्यातली 24 आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती. डॉक्टर बाईंनी तिला सगळे शांतपणे, तिच्या भाषेत बोलणारी परिचारिका शेजारी बसवून समजावले. हिमोग्लोबिन सात. सिकलसेलची तपासणी केली, कारण आमच्या भागात हा आजार घरोघरी आहे. ती वाहक निघाली. सातव्या महिन्यापर्यंत तिला लोहाची एक गोळी मिळाली नव्हती. टोळीबरोबर फिरणाऱ्या बाईचे नाव ना इकडच्या अंगणवाडीत असते, ना तिकडच्या.

समितीने तिला एका मान्यताप्राप्त बालगृहात पाठवले. आमचे वसतिगृह त्यासाठी नोंदणीकृत नाही, म्हणजे ती आमच्या छपराखाली एकच रात्र राहिली. पण समितीच्या परवानगीने एक शनिवार सोडून एक मैत्रीण आणि मी तिला भेटायला जात होतो. मैत्रीण वहीची पाने भरून नेत असे: गणिताची उदाहरणे, अर्धी सोडवलेली. उरलेली अर्धी ती पुढच्या भेटीपर्यंत सोडवून ठेवायची. दोघींना त्याहून जास्त बोलावे लागत नसे.

तिच्या आईला शोधत मी आणि मावशी पाड्यावर गेलो. जीप संपली तिथून दोन तास चढ. बाप दारात बसला होता. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "तू पाठवली घरी. तेव्हा ठेवून घेतली असतीस तर माझा बैल राहिला असता." मी म्हटले, "खरं आहे दादा. माझी चूक झाली." त्याला उत्तराची अपेक्षा नसावी. बराच वेळ तो काही बोलला नाही. मग त्याने आत हाक मारून पाणी आणायला सांगितले.

फेब्रुवारीत बाळ झाले. मुलगी. दोन किलो शंभर ग्रॅम. आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवायला डॉक्टरांनी सांगितले. चौथ्या दिवशी तिची आई आली, पाठीवर ज्वारीचे गाठोडे आणि काखेत झोळीसाठी जुने लुगडे. नातीकडे पाहून ती एवढेच म्हणाली, "नाक आमचंच आहे."

बाळ समितीकडे सोपवायचे की ठेवायचे, हे ठरवायचा हक्क तिचा होता. सोपवले तरी कायदा फेरविचाराला साठ दिवस देतो, हेही तिला सांगण्यात आले. मी काहीच सांगायचे नाही असे ठरवले होते, आणि माझ्यासारखीला ते किती अवघड गेले असेल ते माझ्या घरच्यांना विचारा. तिने ठेवायचे ठरवले. अठरा पूर्ण होईपर्यंत लग्न करणार नाही, असे आईबापांकडून लिहून घेऊन समितीने तिला घरी पाठवले. पाड्यावरच्या अंगणवाडीत आता तिचे नाव लागले, स्तनदा मातेचा एक वेळचा गरम आहार मिळू लागला. पुढच्या वर्षी 17 नंबरचा फॉर्म भरून ती दहावीला बसली. परीक्षेच्या दिवसांत आजी बाळ घेऊन शाळेबाहेर चिंचेखाली बसायची. ती पास झाली. गणितात किती मिळाले ते सांगू नको म्हणाली आहे, कारण मैत्रिणीपेक्षा जास्त मिळाले.

सगळे गोड झाले असे समजू नका. तिचा बाप अजून बाजारात तिच्याबरोबर चालत नाही. पाड्यावर लोक बोलतात. बैल परत आला नाही. शिवणकामावर थोडे पैसे मिळतात, पुरत नाहीत. रात्री बाळ झोपल्यावर तिला काय वाटते, ते ती कोणाला सांगत नाही.

एका देणगीदार भगिनींनी तेव्हा पत्र लिहून मला विचारले होते, "आमची मदत अशा मुलींसाठी आहे का?" मी त्यांना उत्तर लिहिले नव्हते. आज देते. ताई, ती 'अशी' नव्हती. ती गणित सोडवणारी, बहिणीला धीर देणारी मुलगी होती. मी तिला दाराबाहेर काढले, तेव्हा तिचा रस्ता सुरू झाला. तुमची मदत आहे ती दार उघडे राहावे म्हणून.

आता आम्ही वसतिगृहात काय बदलले ते सांगून थांबते. दर रविवारी प्रत्येक मुलीला वसतिगृहाच्या फोनवरून उघडपणे घरी बोलता येते. चूक झाली तर दोन मोठ्या बायका बसून आधी ऐकून घेतात, आणि परीक्षेच्या वर्षात कोणालाही घरी पाठवले जात नाही. पाळी, शरीर, गरोदरपण यावर सरकारी दवाखान्यातल्या परिचारिका महिन्यातून एकदा मुलींशी बोलतात. पहिल्यांदा मुली लाजून उशीत तोंड लपवत होत्या, आता प्रश्नांनी त्यांना जेवू देत नाहीत. पाण्याच्या टाकीजवळच्या भिंतीवर 1098 मोठ्या आकड्यांत रंगवला आहे. आणि मुलगी सुट्टीनंतर परत आली नाही, तर तिची कॉट लगेच दुसरीला न देता मी आधी पाड्यावर जाते.

मैत्रीण सध्या परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. मावशी अजून आमच्याकडेच आहेत, त्यांच्या फोनचे रिचार्ज आता वसतिगृह करते.

तुमच्याकडून मला दोन गोष्टी हव्या आहेत. प्रार्थनेत त्या मुलीची, तिच्या बाळाची आणि तिच्या बापाचीही आठवण करा. आणि तुमच्या घरात, मंडळीत, शेजारी एखादी मुलगी मान खाली घालून उभी राहील, तेव्हा तिला काही सांगण्याआधी विचारा. काय विचारायचे ते सुचले नाही, तर जेवलीस का, एवढे विचारा. पुढचे ती सांगते.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. आमेन.